एसजीपीए, सीजीपीए नेमका काढतात कसा: दोन बेरजा सांभाळा, बाकी आपोआप सुटतं

रिझल्ट लागला त्या रात्री साडेदहाला मावसबहिणीचा मेसेज आला, ताई माझा एसजीपीए चुकलाय, उद्याच रिव्हॅल्युएशनचा अर्ज टाकतेय. एसजीपीए म्हणजे एका सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी. सोबत वहीच्या पानाचा फोटो. पाच विषयांचे ग्रेड पॉइंट एकाखाली एक लिहिलेले, ६, ८, ९, १०, १०, खाली रेघ मारून ४३, त्याला ५ ने भागून ८.६०, आणि ८.६० भोवती पेनाने दोनदा गोल. पोर्टलवर मात्र ८.०७ दिसत होता. अर्ध्या पॉइंटचा फरक म्हटल्यावर कोणालाही वाटणारच की काहीतरी घोळ झालाय. पण पोर्टल बरोबर होतं आणि तिची बेरीजसुद्धा बरोबर होती, फक्त तिने ज्याची सरासरी काढली ती सरासरी कोणी मागितलीच नव्हती. त्या रात्री फोनवर जे जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतेय, कारण दर रिझल्टला हेच प्रश्न येतात आणि बरीच मुलं उगाच रडतात नाहीतर उगाच निर्धास्त राहतात.

मूळ गोष्ट एकच आहे. ग्रेडची सरासरी म्हणजे सगळ्या विषयांची सरसकट सरासरी नाही, प्रत्येक विषयाला एक वजन असतं आणि ते वजन म्हणजे क्रेडिट. ग्रेड पॉइंट गुणिले क्रेडिट केलं की त्या विषयाचे क्रेडिट पॉइंट मिळतात. सगळ्या क्रेडिट पॉइंटची एक बेरीज, सगळ्या क्रेडिटची दुसरी बेरीज, आणि पहिलीला दुसरीने भागायचं. झालं. पुढे जे काही येईल, सीजीपीए (म्हणजे आत्तापर्यंतच्या सगळ्या सेमची मिळून सरासरी), केटी (म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय), रिपीट केलेला विषय, शेवटच्या वर्षाचं टार्गेट, ते सगळं या दोन बेरजांमधूनच निघतं, म्हणून मी सगळ्यांना सांगते की एसजीपीएचा आकडा लक्षात ठेवू नका, या दोन बेरजा लिहून ठेवा.

आता तिचीच मार्कशीट घेऊ. गणित ४ क्रेडिट, ग्रेड बी म्हणजे ६ पॉइंट, ४ × ६ = २४. भौतिकशास्त्र ४ क्रेडिट, ए म्हणजे ८, ३२ झाले. प्रोग्रामिंग ३ क्रेडिट, ए प्लस म्हणजे ९, २७. प्रोग्रामिंगची लॅब १ क्रेडिट, ओ म्हणजे १०, तर १०. कम्युनिकेशन स्किल्स २ क्रेडिट, तिथेही ओ, २०. क्रेडिट पॉइंटची बेरीज २४ + ३२ + २७ + १० + २० = ११३. क्रेडिटची बेरीज ४ + ४ + ३ + १ + २ = १४. ११३ भागिले १४ = ८.०७. तिचे दोन्ही ओ हलक्या विषयांत होते आणि बी सगळ्यात जड विषयात, म्हणून सरळ सरासरी फुगलेली दिसत होती.

हे वजन किती बोलतं ते बघा. गणितात बीच्या जागी ए आला असता, म्हणजे दोन पॉइंट वाढले असते, तर बेरीज ८ ने वाढून १२१ झाली असती आणि एसजीपीए ८.६४. उलट लॅबमध्ये ओच्या जागी ए आला असता, म्हणजे तिथे तेवढेच दोन पॉइंट गेले असते, तर एसजीपीए फक्त ०.१४ ने उतरला असता. गणितात दोन पॉइंटला ०.५७, लॅबमध्ये दोन पॉइंटला ०.१४, बरोबर चौपट, कारण क्रेडिट चौपट. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कशाला जास्त वेळ द्यायचा हे ठरवताना हे कोणी सांगत नाही, आणि मग लॅबची फाइल सजवण्यात दोन रात्री जातात.

लॅबला एवढं कमी क्रेडिट का, दर आठवड्याला अख्खी दुपार तिथे जाते, ही तक्रार मी कित्येकदा ऐकलीय. त्याचं कारण असं की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चॉईस बेस्ड पद्धतीत आठवड्याला १ तास लेक्चर किंवा ट्युटोरियल म्हणजे १ क्रेडिट, पण प्रॅक्टिकल असेल तर २ तासांचं मिळून १ क्रेडिट धरतात. आयोगाची १० पॉइंटची पट्टीसुद्धा तीच, ओ १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, आणि एफ किंवा गैरहजर म्हणजे शून्य. पण किती मार्कांना कुठली ग्रेड द्यायची हे सगळीकडे सारखं नसतं, आपापल्या संस्थेचं नियमांचं पुस्तक बघावं लागतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ४ ची पट्टी असते, ए म्हणजे ४, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३, सी २, डी १, एफ शून्य. युरोपात क्रेडिटची ईसीटीएस पद्धत आहे, तिथे पूर्ण वेळ शिक्षणाच्या एका वर्षाला ६० क्रेडिट असतात. पट्टी बदलते, क्रेडिट मोजायची रीत बदलते, पण गुणा, बेरीज करा, भागा, हे तसंच राहतं.

आता सीजीपीए. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि हुशार मुलांच्याही होतात. दोन सेमचे एसजीपीए घेतात, बेरीज करून २ ने भागतात आणि म्हणतात हा माझा सीजीपीए. दोन्ही सेमला क्रेडिट सारखे असतील तर उत्तर बरोबर येतं, म्हणूनच ही सवय लागते, आणि क्रेडिट वेगळे झाले की ती फसवते. बहिणीला दुसऱ्या सेमला २२ क्रेडिट होते आणि एसजीपीए आला ७.००, म्हणजे क्रेडिट पॉइंट १५४. दोन एसजीपीएंची सरासरी काढली तर ७.५४ येते. खरा सीजीपीए मात्र (११३ + १५४) भागिले (१४ + २२), म्हणजे २६७ भागिले ३६ = ७.४२. जड सेमने आकडा आपल्याकडे ओढला. सरासरींची सरासरी काढायची नाही, मागे जाऊन मूळ बेरजा घ्यायच्या, हे एवढं पाठ केलं तरी निम्मं काम झालं.

जुन्या बेरजा लिहून ठेवल्या नसतील तर एसजीपीएला क्रेडिटने गुणून परत काढता येतात, फक्त एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. ८.०७ × १४ केलं तर ११२.९८ येतात, ११३ नाही, कारण ८.०७ हा आधीच गोल केलेला आकडा आहे. ग्रेड पॉइंट आणि क्रेडिट दोन्ही पूर्णांक असतील तर खरी बेरीज पूर्णांकच असणार, म्हणून जवळचा पूर्णांक धरा. आणि राउंडिंग नेहमी अगदी शेवटी, एकदाच करायचं. प्रत्येक पायरीला दोन दशांशांवर कापत गेलात तर शेवटी ०.०१ इकडेतिकडे होतो, आणि ज्याचा कटऑफ नेमका ७.५० आहे त्याला तो ०.०१ फार मोठा असतो. काही ठिकाणी राउंड न करता पुढचे आकडे नुसते तोडून टाकतात, ७.४९९ चं ७.४९ च लिहितात, त्यामुळे कटऑफच्या काठावर असाल तर हा नियम विचारूनच घ्या.

आता एक पायरी खाली जाऊ, कारण ग्रेड ठरायच्या आधी त्या एका विषयाच्या आतसुद्धा सरासरीच चाललेली असते. समजा असाइनमेंट ३० टक्के, मिडटर्म २० टक्के, फायनल ५० टक्के. तुम्हाला असाइनमेंटमध्ये ९० टक्के आहेत आणि मिडटर्मला ७०. मग ९० चे ३० टक्के २७, ७० चे २० टक्के १४, खिशात ४१ पडले. इथे काही जण घाबरतात की अरे फक्त ४१, आणि काही जण ९० आणि ७० ची सरासरी ८० धरून खूश होतात. दोन्ही चूक. आत्तापर्यंत ५० पैकी ४१ मिळालेत, म्हणजे चालू स्थिती ८२ टक्के. एकूण ८० हवे असतील तर अजून ३९ लागतील, ते फायनलच्या ५० मधून, म्हणजे फायनलला ७८ टक्के. आणि ९० हवे असतील तर ४९ लागतील, म्हणजे फायनलला ९८. हा हिशोब फायनलच्या महिनाभर आधी केलेला बरा, कारण ७८ ची तयारी वेगळी आणि ९८ ची वेगळी.

त्याच्याही आत एक खोच आहे. क्विझच्या गटात एक क्विझ १० मार्कांची आणि एक ४० ची असेल, पहिलीत ९ मिळाले, दुसरीत २०, तर क्विझची सरासरी किती? मार्क एकत्र केले तर ५० पैकी २९, म्हणजे ५८ टक्के. टक्केवारींची सरासरी काढली तर ९० आणि ५० मिळून ७०. बारा टक्क्यांचा फरक, दोन्ही पद्धती खरोखर वापरल्या जातात, आणि तुमचे सर किंवा मॅडम कुठली वापरतात हे कोर्सच्या सुरुवातीला मिळालेल्या कागदावर असतं, नसेल तर विचारायला अजिबात लाजू नका. ऑनलाइन ग्रेडबुक वापरत असाल तर अजून एक बघा, न दिलेली असाइनमेंट रिकामी दिसतेय का शून्य. चार असाइनमेंटना ८० असतील आणि पाचवी रिकामी असेल तर सरासरी ८० दिसते, त्याच रिकाम्या जागी शून्य पडलं की ६४. टर्मभर ८० बघून निवांत राहिलेल्या मुलांचा आकडा शेवटच्या आठवड्यात असा कोसळतो, आणि त्यांना वाटतं कोणीतरी मुद्दाम मार्क कापले.

ग्रेडच्या पट्टीमुळे अजून एक गोष्ट होते जी ऐकताना अन्यायाची वाटते. समजा ७० ते ७९ ला ८ पॉइंट आणि ८० ते ८९ ला ९. एकाला तीन विषयांत ७९, ७९, ७९, दुसऱ्याला ७०, ७०, ८०. तिन्ही विषयांचे क्रेडिट सारखे. पहिल्याची टक्केवारी ७९, दुसऱ्याची ७३.३३, पण पहिल्याचा जीपीए, म्हणजे ग्रेड पॉइंटची सरासरी, ८.०० आणि दुसऱ्याचा ८.३३. ग्रेड दिली की पट्ट्याच्या आतले मार्क पुसले जातात, ७० आणि ७९ एकच होतात. म्हणून एखाद्या विषयात तुम्ही ७८, ७९ वर अडकला असाल तर रिव्हॅल्युएशनचा विचार तिथे करा, ७४ वर असाल तर दोन मार्क वाढूनही सरासरीला काहीच होणार नाही, फी तेवढी जाईल. काही संस्थांत तर ग्रेड वर्गातल्या बाकीच्यांच्या मार्कांशी तुलना करून देतात, तिथे मार्कांचे पट्टे आधीपासून ठरलेलेच नसतात, त्यामुळे असा अंदाज बांधता येत नाही.

केटीबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण इथेच खरी भीती असते. बहिणीचं गणित राहिलं असतं तर काय झालं असतं? ग्रेड एफ, पॉइंट शून्य, पण क्रेडिट ४ भागाकारात तसेच धरले तर ११३ मधून २४ गेले, उरले ८९, भागिले १४ = ६.३६. म्हणजे एका विषयाने ८.०७ चं ६.३६ केलं. तोच नापास विषय भागाकारातूनही बाजूला ठेवला तर ८९ भागिले १० = ८.९०, म्हणजे नापास होऊन सरासरी वाढल्यासारखी दिसते! असला आकडा बघून हुरळून जाऊ नका, आणि काही ठिकाणी सगळे विषय सुटेपर्यंत एसजीपीए दाखवतच नाहीत. पुढच्या वेळी पास झाल्यावर काय होतं यातही दोन रीती आहेत. नवी ग्रेड जुनीच्या जागी बसवली, समजा ७ पॉइंट आले, तर ८९ + २८ = ११७, भागिले १४ = ८.३६. पण दोन्ही प्रयत्न मोजायची पद्धत असेल तर क्रेडिट होतात १८, आणि ११७ भागिले १८ = ६.५०. एकाच मुलीचे तेच मार्क, एका नियमाने ८.३६ आणि दुसऱ्याने ६.५०. म्हणून विषय रिपीट करायचा विचार असेल तर आधी रिपीटचा नियम वाचा, मग फॉर्म भरा. ज्या विषयात नुसतं पास किंवा नापास एवढंच लिहितात, जो विषय मुदतीत सोडला, जो नुसता ऑडिट केला, म्हणजे क्रेडिट न घेता फक्त बसून ऐकला, ते बहुतेक ठिकाणी सरासरीत धरतच नाहीत, आणि दुसऱ्या कॉलेजातून आणलेले क्रेडिट डिग्रीसाठी मोजले तरी जीपीएत बऱ्याचदा येत नाहीत. त्यामुळे मार्कशीटवरचे एकूण क्रेडिट आणि सरासरीसाठी धरलेले क्रेडिट हे दोन आकडे वेगळे असू शकतात, भागताना दुसरा घ्यायचा.

आता टार्गेटचं गणित. समजा १६० क्रेडिटची डिग्री आहे, निम्मे म्हणजे ८० क्रेडिट झालेत, सीजीपीए ७.२०, आणि तुम्हाला शेवटी ८.०० हवाय. हातात आहेत ८० × ७.२ = ५७६ पॉइंट. लागणार १६० × ८ = १२८०. फरक ७०४, तो उरलेल्या ८० क्रेडिटमधून काढायचा, म्हणजे सरासरी ८.८०. अवघड आहे पण अशक्य नाही. हाच विचार १२० क्रेडिट झाल्यावर केला तर? हातात ८६४, लागणार १२८०, फरक ४१६ आणि उरले फक्त ४० क्रेडिट, म्हणजे १०.४० ची सरासरी, जी १० च्या पट्टीवर असूच शकत नाही. सगळीकडे ओ मिळवला तरी ७.९० च्या वर जाता येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी हा हिशोब आजच करावा असं मला मनापासून वाटतं, कारण तिसऱ्या वर्षाला बसून कितीही घासलं तरी भागाकार आपलं वजन घेऊन बसलेला असतो. एक झटपट रीत सांगते, नवीन सेमचा एसजीपीए वजा जुना सीजीपीए, गुणिले नवीन क्रेडिट, भागिले एकूण क्रेडिट, एवढाच सीजीपीए हलतो. १२० क्रेडिटला ७.२० असताना २० क्रेडिटच्या सेमला ९.०० आणला तर १.८ × २० भागिले १४० = ०.२६, म्हणजे ७.४६. इतकी मेहनत आणि फक्त ०.२६ असं वाटेल, पण शेवटाकडे आकडा असाच हळू हलतो, तुमच्यात काही कमी नसतं.

टक्केवारीत बदलायचं असेल तर मैत्रिणीने सांगितलेला गुणक लावू नका. ९.५ ने गुणा हे जे सगळीकडे ऐकू येतं ते सीबीएसईच्या दहावीच्या सीजीपीएसाठी होतं, ९१ ते १०० च्या पट्ट्यातल्या मुलांची सरासरी ९५ च्या आसपास येते या आधारावर काढलेलं, इंजिनिअरिंगच्या किंवा बीकॉमच्या सीजीपीएशी त्याचा संबंध नाही. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र मार्कशीटच्या मागे किंवा नियमांत असतं, तेच वापरा आणि अर्जात तेच लिहा. परदेशी अर्ज करताना १० च्या आकड्याला २.५ ने भागून ४ च्या पट्टीवर आणणं हाही असाच घरगुती उपाय आहे, तिकडे बऱ्याचदा एकेक विषय घेऊन नव्याने जीपीए काढतात, म्हणून मागितलं नसेल तर स्वतः बदलूच नका, मूळ आकडा आणि पट्टी लिहा, ८.०७, १० पैकी. जर्मनीचा प्रकार तर उलटाच, तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. बव्हेरियन सूत्र म्हणतात त्यात कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल वजा पासिंग याने भागायचं, ३ ने गुणून १ मिळवायचा. ८.०७ ला, कमाल १० आणि पासिंग ४ धरून, ते सुमारे १.९७ येतं. तिथे १.९७ बघून दचकू नका, तो चांगला आकडा आहे.

हे सगळं स्प्रेडशीटमध्ये करणं सगळ्यात सोपं. पहिल्या रकान्यात विषय, दुसऱ्यात क्रेडिट, तिसऱ्यात ग्रेड पॉइंट, चौथ्यात दोघांचा गुणाकार, खाली दुसऱ्या आणि चौथ्या रकान्याची बेरीज. दर सेमला नवीन ओळी खाली जोडत जायच्या, वरच्या ओळी पुसायच्या नाहीत, म्हणजे सीजीपीए आपोआप ताजा राहतो.

आणि पोर्टलचा आकडा आपल्या आकड्याशी जुळला नाही तर काय करायचं ते बहिणीच्याच दुसऱ्या सेमवरून सांगते. तिने यावेळी स्वतःच शीट केली होती, तिचं उत्तर ७.००, पोर्टलवर ६.८२. मी तिला म्हटलं, फरकाला एकूण क्रेडिटने गुण. ०.१८ × २२, जवळपास ४. म्हणजे कुठेतरी ४ क्रेडिट पॉइंट हरवलेत, ते ४ क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड असेल, किंवा २ क्रेडिटच्या विषयात दोन ग्रेड. ४ क्रेडिटचे विषय एकेक करत बघितले तर एकाचे इंटर्नलचे मार्क उशिरा भरले गेले होते, ग्रेड बीवरून बी प्लस झाली होती, पण एसजीपीए जुन्याच ग्रेडवर तसाच राहिला होता. तिने एक्झाम सेक्शनला मेल केला, रागाचा एक शब्द नाही, विषयाचा कोड, जुनी ग्रेड, नवी ग्रेड, क्रेडिट पॉइंट १५० ऐवजी १५४, एसजीपीए ६.८२ ऐवजी ७.००, खाली तिची शीट जोडलेली. मार्कशीट दुरुस्त होऊन आली, आणि सीजीपीए ७.३१ चा ७.४२ झाला.